अंड्यांवर बसलेल्या गावातला खांब

"शॉक बसला का हो कधी?"

लाईनमन म्हटलं की लोकांना दुसरा प्रश्न सुचत नाही. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा माणूस मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून हेच विचारतो. बसला ना, दोनदा बसला. दोन्ही वेळा घरच्या कूलरचा. उभी हयात अकरा हजारांच्या लाईनखाली आणि लाईनवर काढली, तिनं कधी डोळे वटारून पाहिलं नाही. आणि बायकोनं कूलरमध्ये पाणी टाका म्हटलं, तर त्या पत्र्याच्या डब्यानं मला अंगणात आडवा केला. आमच्या खात्यात ही गोष्ट कळली तेव्हा लोक मला भेटायला आले, हसायला नाही असं म्हणत म्हणत.

तर या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "एखादा थरारक अनुभव द्या." मी खूप आठवून पाहिलं. थरारक म्हणावं असं जे काही झालं ते अंड्यांच्या बाबतीत झालं. आता विजेच्या माणसाचा अंड्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं होतं.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. लाईट असते तोवर लाईनमन कोणाला आठवत नाही. गेली की आम्ही मायबाप, आली की कोण रे तू. वादळानंतर आमचं काम म्हणजे पायी चालणं. सबस्टेशनपासून निघायचं आणि तार जाईल तिथून जायचं; वावरातून, नाल्यातून, बोरीच्या काट्यातून. कुठे फांदी टेकली, कुठे तारेखालची चिनीमातीची वाटी फुटली, कुठे खांब झोपला, ते पाहत जायचं. काम धरण्याआधी परमिट घ्यायचं. परमिट म्हणजे सबस्टेशनवरच्या माणसानं दिलेला शब्द, की लाईन बंद केली, मी सांगेपर्यंत चालू करणार नाही. त्या शब्दावर आम्ही वर चढतो. घरी बायकोच्या शब्दावर इतका विश्वास ठेवला असता तर कूलरचा शॉकही बसला नसता, कारण तिनं चप्पल घालायला सांगितलं होतं.

आणि चालता चालता फोन घ्यायचे. वादळानंतर येणाऱ्या फोनांत लाईट कधी येईल हे विचारणारे कमी. जास्त लोक विचारतात, "फक्त आमच्याकडेच नाही की शेजाऱ्याकडेही नाही?" शेजाऱ्याकडेही नाही म्हटलं की माणूस समाधानानं फोन ठेवतो.

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर. समुद्र इथून इतका लांब की आमच्या माणसानं तो टीव्हीवरच पाहावा. पण त्या वर्षी बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ झालं आणि त्याची शेपटी फिरत फिरत आमच्याकडे आली. तीही नवतप्यात. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते दिवस, जेव्हा वर्धा जिल्ह्यात माणूस दुपारी दाराबाहेर पाय काढत नाही. त्या दिवसांत असा वारा सुटला आणि असा पाऊस लागला की लोकांनी ट्रंकेतून स्वेटरं काढली. जामच्या चौकातल्या ढाब्यांचे पत्रे हायवेवर आले. खांब तर किती झोपले त्याला हिशेब नाही. मी निवृत्तीला आलो होतो, पण माणसं कमी, म्हणून एका टोळीचा मुकादम करून मलाही पाठवलं. टोळीत एकटा नामदेव, माझ्याहून लहान, पण खांबावर चढण्यात माझ्या तीन पायऱ्या पुढे. आणि एक ट्रॅक्टर, त्यात खांब, दोर आणि तारा.

जाम-गिरड रस्त्यावरून आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं म्हणतील, आमच्या गावात इतकं काही झालं अन् तुमी अंड्याचंच काऊन लिवलं? आणि मला अजून तिथे वांगी फुकट मिळतात.

एरवी वादळानंतर आमची गाडी गावात शिरली की पोळ्याला बैल आल्यासारखी गर्दी होते. कोणी चहा आणतं, कोणी शिव्या देतं, कोणी दोन्ही. त्या दिवशी गावात शिरलो तर चिटपाखरू नाही. सकाळची वेळ, ऊन नाही, तरी दारं लोटलेली. मला वाटलं, कोणी गेलं की काय गावात. नामदेव टोपी काढून हातात घेऊन उभा राहिला.

तेवढ्यात एका ओट्यावर एक बाई दिसली. पार्वताबाई. चांगली दणकट बाई, एरवी गावात तिचा आवाज डीपीच्या, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या, घूं घूं आवाजाच्या वर जातो. भिंतीला टेकून बसली होती, गळ्यापर्यंत गोधडी.

"काकू, खांब कुठे पडला?"

"तिकडे, डीपीच्या मांगं," ती हळू आवाजात म्हणाली.

"गावातली माणसं बोलवा ना जरा. खांब उचलायचा आहे."

"मले उठता येत नाई, भाऊ."

"काऊन? तब्येत बरी नाही?"

"तब्येतीले काय धाड भरली? अंडे हायेत."

"मग ठेवा ना बाजूला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला तान्हं लेकरू रस्त्यावर ठेवायला सांगितलं होतं. मग गोधडी चार बोटं उचलून दाखवली. लुगड्याच्या ओच्यात कापूस, कापसात अंडी, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. आत खाटेवर तिचा नवरा दोन चादरी घेऊन उताणा पडलेला. मी दाराशी पाय ठेवला तर तो छताकडे पाहत म्हणाला, "खाट हलवू नका, साहेब. पोटावर हायेत."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. एका घरी सासू आणि सून पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. दोघींचं वर्षभर बोलणं नाही असं नंतर कळलं, पण मधल्या उबेत अंडी होती. एका घरी पैलवान म्हणून तालुक्यात नाव असलेला गडी काखांत अंडी धरून ओसरीत उभा. "बसलो तर पिचकतीन," म्हणाला.

नामदेव माझ्या कानाशी आला. "भाऊ, या गावाले काय झालं बे?"

ते आम्हाला रेखानं सांगितलं. रेखा म्हणजे गावातल्या भाऊरावांची सून, तिशीच्या आतली. नवरा जामला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला, वादळापासून तिकडेच अडकलेला. हिनं कुठलंसं प्रशिक्षण घेऊन अंडी उबवायचं मशीन आणलं होतं. कपाटाएवढी पेटी, आत दिवे, पंखा आणि खण. गावातल्या बायका आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिला बटईनं देत. बटई आमच्याकडे सगळ्यांना माहीत. शेत द्या, बकरी द्या, सांभाळणाऱ्यानं सांभाळायची आणि जे निघेल ते निम्मं-निम्मं. तशीच ही पिल्लांची बटई. कुणाची अंडी कुठली हे कळावं म्हणून कुणी कुंकू लावलं, कुणी नीळ, कुणी काजळ, आणि नवीन सुनांनी नखाचं पॉलिश. पहिल्याच मोठ्या खेपेला सगळ्या गावानं अंडी दिली. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले आणि वादळानं खांब पाडला.

"इन्व्हर्टर एक दिवस चालला," रेखा सांगत होती. डोळे झोपेनं लाल, हातात टॉर्च. "गावात जनरेटर एकच, डीजेवाल्याचा. तो वरातीसंगं हिंगणघाटले गेलता, तिकडंच फसला. मंग मी म्हनलं, आपापले अंडे घेऊन जा अन् आंगाशी धरा. कापसानं ऊब टिकते भाऊ, पन कापूस काही ऊब देत नाई. ते मान्सालेच द्या लागते."

पहिले काही दिवस ती घरोघर फिरून प्रत्येकाच्या पांघरुणात हात घालून अंडी फिरवत होती. एका कुशीवर राहिलं की पिल्लू कवचाला चिकटतं म्हणे. आता शेवटाला फिरवणं बंद, तरी तिचा फेरा चालूच होता. टॉर्चवर अंडं धरून पाहायचं, कुणाचं गार पडलं तर त्याला रागवायचं. गावातली मोठमोठी माणसं तिच्यासमोर गुन्हेगारासारखी पांघरूण उघडून दाखवत होती.

"इतकं कशाला करता?" मी विचारलं. "गेली खेप तर पुढची लावा."

तिनं हातातला टॉर्च बंद केला. मग म्हणाली, "हे गेली तर पुढची नाई भाऊ. मामाजी मशीन इकून रायले."

तिचे मामाजी म्हणजे सासरे, भाऊराव. माळकरी माणूस, गावातल्या भजनी मंडळातला पहिला. मटण-मच्छी सोडा, अंड्याचा वासही नको. मशीन आलं तेव्हापासून मंडळातले टोमणे मारत, भाऊरावच्या घरी कोंबड्याचा दवाखाना निघाला म्हणून. म्हातारा कावला होता. त्यानं ओळखीतल्या एकाशी बोलून ठेवलं होतं आणि सुनेला सांगितलं होतं, ही खेप नीट निघाली तर पाहू, नाहीतर रस्ता मोकळा झाला की तो माणूस मशीन घेऊन जाईल.

"मशीन गेलं तर मी पुन्हा वांग्याच्या वावरात निंदाले जाईन, त्याचं काई नाई," रेखा म्हणाली. "पन आता बाया येऊन मले इचारतेत, रेखा हे कसं करू, रेखा ते कसं करू. घरात तर कोनी मले भाजीत मीठ किती टाकायचं हेबी इचारत नव्हतं. मशीन गेलं का मले पुन्हा कोनी काई इचारनार नाई."

मला खूप वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मला काय करावं हे कळेना, कारण पेच असा होता. गावातली माणसं उठली तर अंडी गार पडणार. नाही उठली तर खांब उभा होत नाही. खांब उभा नाही झाला तर लाईट नाही, आणि रात्री पुन्हा पाऊस आला तर अंडी गारच. आणि आम्हाला उद्या गिरडकडे जायचं होतं. तिकडेही गावं अंधारात. इथला नंबर गेला की पुन्हा कधी लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. क्रेन आणावी तर डीपीपर्यंत सगळी काळी माती. पावसानंतर आमच्या काळ्या मातीत क्रेन घातली तर क्रेन काढायला दुसरी क्रेन लागते. आमचा ट्रॅक्टरही रस्त्यावरच थांबवला होता. सिमेंटचा खांब माणसांच्या खांद्यावरून न्यायचा आणि माणसांनीच उभा करायचा, दुसरा मार्ग नव्हता.

"गावात असं कोणीच नाही का," मी विचारलं, "ज्याच्याजवळ अंडी नाहीत?"

रेखानं विचार केला आणि म्हणाली, "माळकरी हायेत."

मारुतीच्या पारावर भजनी मंडळ बसलेलं होतं. गळ्यात तुळशीच्या माळा, अंगात बंड्या, मधोमध वामनबुवा खंजिरी घेऊन. सगळ्या गावात फक्त यांचे हात मोकळे होते. भाऊरावही त्यांच्यात, सुनेकडे पाठ करून. मी हात जोडले. खांब उचलायचा आहे म्हटल्यावर सगळे एका दमात उठले. मला आधी कौतुक वाटलं. मग कळलं की आदल्या दिवसापासून बायका पोरांच्या हाती निरोपावर निरोप धाडून यांच्या मागे लागल्या होत्या, आणि यांना तिथून निसटायला कारण हवं होतं.

कारण गावात आदल्या दिवसापासून वाद पेटला होता. पार्वताबाईचं म्हणणं, आमच्या ओच्यात आता जागा नाही, माळकऱ्यांनी हात का लावू नये? खायचं कुठे आहे, धरायचं आहे. माळकऱ्यांचं म्हणणं, अंडं ते अंडं. यावर पार्वताबाईनं विचारलं होतं, "अन् आत जीव मेला तर पाप कोनाले लागन?" हा प्रश्न मंडळाला जड गेला. बराच खल होऊन वामनबुवांनी निकाल दिला होता, तो गावात सगळ्यांना तोंडपाठ झाला होता: "मुकं हाय तवरी अंडं. बोललं का जीव."

निकालाचा अर्थ असा, की आतून चिवचिव ऐकू आली की माळकऱ्यानं ते हातात घ्यायचं. घेतलंच पाहिजे, नाहीतर जीवहत्या. तोवर शिवायचं नाही. पिल्लू बाहेर यायच्या आधी एखाद दिवस कवचातूनच बोलायला लागतं, हे माळकऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बोलेपर्यंत पिल्लू निघून चालायलाही लागेल. आपण निकाल दिला आणि सुटलो.

आम्ही खांब खांद्यावर घेतला, चिखलातून डीपीपाशी नेला. खड्डा साफ केला, बुडखा खड्ड्याच्या तोंडाशी लावला. खांबाच्या डोक्याला दोर बांधले. समोरचा दोर ओढायचा. मागचा आणि बाजूचे दोर ताणून धरायचे, म्हणजे खांब भलतीकडे कोसळत नाही. खाली कैची लावायची; दोन बल्ल्या डोक्याशी बांधून केलेला मोठा चिमटा समजा. खांब हातभर वर आला की कैची पुढे सरकवायची, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचं. या कामात एकच नियम, कुणीही आपल्या मनानं दोर सोडायचा नाही.

आमच्याकडे ओढायला "जोर लगाके हैशा" असतं. माळकऱ्यांना ते जमेना. वामनबुवा म्हणाले, आमचे हात भजनाशिवाय चालत नाहीत. म्हटलं, म्हणा भजन. खंजिरी सुरू झाली, बुवांनी ओळ उचलली, मंडळानं ओळ घेतली आणि दोर ओढला. खांब झकास वर आला. मी खूष. पण कडवं संपून बुवांनी डोळे मिटले आणि लांबलचक आलाप घेतला. आलाप चालू तोवर मंडळ नुसतं माना डोलवत उभं! खांब अधांतरी. मी ओरडतोय, "बुवा, समेवर या! समेवर या!" नामदेव कैचीला मिठी मारून बसला होता. तो म्हणाला, "भाऊ, पुढच्या कडव्यात मी मरतो."

असा कडव्याकडव्यानं खांब अर्धा वर आला आणि गावाकडून आरोळी आली.

"बोललं! माह्यं बोललं!"

पार्वताबाई. सकाळपासून खिळलेली बाई ओचा दोन्ही हातांनी धरून चिखलातून धावत येत होती. तिनं सरळ दोरावरच्या पहिल्या माळकऱ्याच्या कानाला अंडं लावलं. म्हाताऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आतून खरंच चिवचिव.

"घ्या बाप्पा. जीव झाला. तुमच्याच बुवाचा निकाल हाय."

"अहो दोर! दोर सोडू नका!" मी ओरडलो.

"जीव हाय साहेब," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "काय करू?"

त्याच्या जागी पार्वताबाईनं पदर खोचून दोर धरला. म्हातारा तिच्या ओच्यातली बोलकी अंडी ओंजळीत घेऊन बांधावर जाऊन बसला. आणि मग गाव सुटलं. अंडी बोलतील तसतशी माणसं घरातून निघत होती. चादरी टाकून, गोधड्या टाकून, "बोललं, बोललं" करत डीपीकडे. समोर दिसेल त्या माळकऱ्याच्या हाती बोलकी अंडी द्यायची आणि त्याचा दोर आपण धरायचा. ती सासू आणि सून तर एका अंड्यासाठी दोघी आल्या आणि दोघींनी एकच दोर धरला. पैलवान काखा उघडून आला. मी मुकादम, आणि मला एवढंच काम उरलं होतं, की प्रत्येकाला ओरडून सांगायचं: आधी नव्यानं धरायचं, मग जुन्यानं सोडायचं! माझा घसा त्या दिवशी जो बसला तो निवृत्तीच्या सत्कारापर्यंत पुरता सुटला नाही.

खांब उचलायला घेतला तेव्हा दोरावर सगळे माळकरी होते. चारातले तीन हिस्से वर आला तेव्हा जवळजवळ सगळे कोंबडीखाऊ. बांधावर ओळीनं भजनी मंडळ बसलेलं, प्रत्येकाच्या ओंजळीत आणि मांडीवर अंडी, आणि वामनबुवा खंजिरी उलटी करून तिच्यात अंडी घेऊन बसलेले. भजन बंद पडलं होतं. दोरावर आता पार्वताबाईचं "हैशा" होतं, आणि ते हिंगणघाटपर्यंत गेलं असेल.

एकच माळकरी दोरावर उरला होता. भाऊराव. त्यांनी मागचा दोर बाभळीच्या बुंध्याला वळसा देऊन धरला होता, आणि मागचा दोर म्हणजे खांबाचा जीव. त्या माणसाला बदलायची माझी छाती नव्हती.

तेवढ्यात रेखा आली. ओंजळीत एकच अंडं. सासऱ्यासमोर उभी राहिली, बोलली काही नाही. कारण ती घरात त्यांच्याशी बोलायची ते पदराआडून, "जेवता का" इतकंच. अंडं मात्र बोलत होतं. इतक्या जोरात की मला ऐकू आलं.

भाऊरावांनी सुनेकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं.

"बाई, माह्ये हात गुतले हायेत."

रेखा जागची हलली नाही.

म्हाताऱ्यानं दोरावरची पकड आणखी घट्ट केली. मग म्हणाला, "टोपी उचल."

तिनं सासऱ्याची पांढरी टोपी उचलली. टक्कल पावसाच्या हवेतही घामानं वाफाळत होतं. तिनं कापसाचं बोळकं करून त्यात अंडं ठेवलं आणि वरून टोपी घट्ट बसवली.

"आता मान हलवू नका, मामाजी."

"हलवत नाई," भाऊराव म्हणाले. आणि खांब उभा होऊन खड्डा दगड-मुरमानं ठोकून भरेपर्यंत त्या माणसानं मान हलवली नाही. खांब वर जात होता तेव्हा सगळे वर पाहत होते, हा एकटा सरळ समोर. मधेच एकदा त्यांचे ओठ हलले. मला वाटलं नामस्मरण चाललंय. जवळ गेलो तर म्हातारा डोळे वर करून टोपीला सांगत होता, "थांब उलसक. आलो, आलो."

खांब उभा झाल्यावर नामदेव चढला. तार ओढली, बांधली, जंपर म्हणजे जोडतारा लावल्या. तो उतरला, सगळी माणसं लाईनीपासून दूर केली, मी फोन करून परमिट परत केलं. दिवे लावायच्या वेळेला डीपी घुमू लागला.

आमच्या धंद्यात पगाराच्या वर एक गोष्ट मिळते. लाईट आली की गावातून एकदम ओरडा होतो, "आलीऽऽ!" लहान पोरं, म्हातारे, सगळे. मी तो कायम लांबून ऐकला, कारण लाईनमन तेव्हा डीपीशी असतो किंवा दुसऱ्या टोकाला. स्वतःच्या घरात लाईट येताना मी फारसा कधी नव्हतो. माझ्या मुलीच्या हळदीला लाईट गेली, ती मीच लांबच्या खांबावर चढून आणली, आणि मांडवात ती कशी हसली ते मला इतरांनी सांगितलं. याचं वाईट वाटतं. अजून वाटतं.

तर मी कान देऊन उभा राहिलो. आणि त्या गावातून आवाजच आला नाही! मला वाटलं फ्यूज उडाला. धावत गेलो तर सगळ्या घरांत दिवे लागलेले, आणि सगळं गाव तोंडावर बोट ठेवून कुजबुजत होतं, "आली. आली." अंडी दचकू नयेत म्हणून. तेवढ्यात मशीन गरम झालं आणि रेखा टोपली घेऊन घरोघर निघाली.

दुसऱ्या दिवशी गिरडकडे निघालो तर लक्षात आलं, आपला एक दोर तिथेच राहिला. घ्यायला गेलो तर भाऊरावांच्या अंगणात भांडण रंगलेलं. पुष्कळशी पिल्लं निघाली होती. काही मशीनमध्ये, काही ज्यांनी रात्री अंडी परत द्यायला नकार दिला त्यांच्या पोटावर. काही अंडी गेली होती, त्याला इलाज नव्हता. पण आता पिल्लं कोणाची? अंड्यावरचं कुंकू काही पिल्लावर येत नाही.

पार्वताबाई कमरेवर हात ठेवून उभी. "बटई कायची? उबवनाऱ्याचे निम्मे, अंडेवाल्याचे निम्मे. अंडे आमचे. अन् उबवले कोनं? आमीच. म्हंजे हेबी निम्मे आमचे अन् तेबी निम्मे आमचे."

सगळ्या बायांना हे एकदम पटलं. हिशेब चोख होता. फक्त त्यात रेखाच्या वाट्याला एकही पिल्लू येत नव्हतं. सगळी खेप निघूनही तिची खेप बुडाली होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला राग आला, पण मी पडलो बाहेरचा, लाईनमन.

भाऊराव ओट्यावर बसले होते. टोपी मांडीवर उलटी ठेवलेली, तिच्यात ओलसर, कुरूप, उलसं पिल्लू. ते त्याच्याकडेच पाहत म्हणाले, "पार्वता, तू बसली हे खरं. पन बसायले काय लागते? म्हैसबी बसते."

"अन् मंग?"

"तुह्या पांघरुनात हात घालून ते फिरवत कोन होतं? तू तर घोरत होती म्हने."

"कोन म्हन्ते मी घोरते?"

"गाव म्हन्ते."

गाव हसलं. पार्वताबाईही शेवटी हसली. "बरं बाप्पा, निम्मे. पन तो काळा माह्या. त्याचा आवाज मी ओळखतो म्हनजे ओळखतोच."

इतक्यात गल्लीत छोटा हत्ती शिरला. म्हणजे तो लहानसा टेम्पो, मागे मोकळा, त्यात दोर आणि पोती. रस्ता मोकळा झाला होता. त्यातून एक जण उतरला आणि हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरला थांबवत म्हणाला, "राम राम भाऊराव. मशीन न्यायले आलो."

रेखाचा हात चौकटीवर घट्ट झालेला मला दिसला. भाऊराव म्हणाले, "हाव. मीच बलावलं होतं तुले."

"मंग उचलू?"

"मले काय इचारतं? मी त्याचा कोन?" म्हाताऱ्यानं टोपी जपून उचलली आणि दाराकडे हनुवटी केली. "त्याची मालकीन ते हाय. तिले इचार."

तो माणूस गोंधळला. त्यानं आधी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, मग दोन पावलं पुढे जाऊन त्या पोरीसमोर उभा राहिला आणि विचारलं, "ताई, देता का मशीन?"

रेखाला उत्तर माहीत होतं. आम्हाला सगळ्यांनाही माहीत होतं. पण तिनं लगेच दिलं नाही. पदर सारखा केला, आत मशीनकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाला तसंच उभं ठेवलं. सगळं गाव तिच्या तोंडाकडे पाहत होतं.

मग ती म्हणाली, "नाई."

आणि तो वळला तेव्हा पुन्हा म्हणाली, "अन् जाताना हॉर्न नका वाजवू. निजले हायेत."